आमेन कोण म्हणणार

पोटिक गावात प्रार्थना 'आमेन'पासून सुरू होते. हसू नका. आमेन हे कशाच्या तरी नंतर म्हणायचं असतं, एवढं पोटिकवाल्यांनाही कळतं. आमच्या पूजेतलं पहिलं वाक्य पाद्र्याचं, 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं राज्य धन्य असो', आणि त्यावर लोकांनी आमेन म्हणायचं. पण युद्ध संपलं, मॉस्कोचं राज्य आलं आणि लगेच आमचा पाद्री धरून नेला. तुमचं चर्च आता बंद, मॉस्कोच्या मर्जीतल्या चर्चमध्ये या, असं त्याला सांगितलं. तो नाही म्हणाला. मग दुसरा पाठवला, त्याला गावानं पाणीसुद्धा विचारलं नाही. तो कंटाळून निघून गेल्यावर चर्चला कुलूप लागलं आणि आत सामुदायिक शेताच्या रासायनिक खताची पोती रचली. तेव्हापासून पोटिकची माणसं, म्हणजे बहुतेक बायकाच, दर रविवारी त्या कुलुपासमोर पायऱ्यांवर उभ्या राहतात. पाद्र्याच्या वाक्याला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गप्प राहायचं आणि मग आपलं उत्तर गायचं, पूजा संपेपर्यंत असंच. पाद्र्याचे शब्द कुणी म्हणत नाही. ती जागा त्याची, तो येईपर्यंत रिकामी ठेवायची.

त्या पहिल्या शांततेनंतरचं आमेन हाफियामामीचं असायचं. हाफिया दिदुख. ती काही सगळ्यांचीच मामी नव्हती, पण आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला मामीच म्हणतात. तिचा नवरा ओनुफ्री या चर्चचा दियाक होता. दियाक सूर उचलून देतो, मग बाकीचे गातात. त्याच्याआधी तोंड उघडायची कुणाची टाप नसते. पाद्र्याला नेलं त्याच आठवड्यात ओनुफ्रीलाही नेलं. तो उत्तरेत कुठल्याशा कोळशाच्या खाणीत गेला आणि तिथंच संपला. तेव्हा स्तेफा, त्यांची एकुलती एक पोर, पाळण्यात होती. नवऱ्याचं घर राहिलं, एक गाय राहिली आणि सूर उचलून देण्याचं काम राहिलं. हाफियानं तिन्ही सांभाळलं. दिवसभर सामुदायिक गोठ्यात दूध काढायची, रविवारी आमेन म्हणायची. बुटकी, रुंद, आणि जिभेला हाड म्हणून नाही. तिच्या आवाजावर अडेल गाईसुद्धा पान्हा सोडायच्या, असं तिच्यासोबत गोठ्यात राबणारी टेक्लामामी सांगायची. आता टेक्ला काय, काहीही सांगते. पण आवाज होता खरा. पायऱ्यांवर उभं राहून तिनं आमेन म्हटलं की ओढ्यापलीकडच्या गिरणीत ऐकू जायचं.

कायद्याचं म्हणणं सोपं होतं. जे गातात त्यांना दंड. जो सुरू करतो तो 'आयोजक', त्याला कोठडी. म्हणून दर काही महिन्यांनी हाफिया पंधरा दिवस आत जायची आणि परत येऊन कोठडीतल्या सुपाला नावं ठेवायची. तिला न्यायला यायचा तो फौजदार म्हणजे टेक्लामामीचाच मुलगा, यारेमा. बिचाऱ्याची फार कुतरओढ. आपलेच दात, आपलेच ओठ.

"आई, घरी जा ना," तो पायऱ्यांखाली उभा राहून दबक्या आवाजात म्हणायचा.

"घरी कोण आहे?" टेक्ला मोठ्यानं म्हणायची. "तू तर इथंच आहेस."

आईचा दंड तो आपल्या खिशातून भरायचा आणि टेक्ला ते कौतुकानं गावभर सांगायची. मग तो आणखी लाल व्हायचा.

हाफियाला कोठडीचं भय नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो स्तेफात. पोर शिकली, गावच्याच शाळेत गाण्याची शिक्षिका झाली, शाळेच्याच खोलीत राहायला लागली. आवाज आईचाच, फक्त नवा कोरा. तो हाफियानंच पहाटे गोठ्यात, धारा काढता काढता घडवला होता. पण एक अट घालून. चर्चसमोर हे तोंड उघडायचं नाही. शाळेत ट्रॅक्टरची गाणी म्हण, पक्षाची म्हण, धरणाची म्हण, मला काही म्हणायचं नाही. इथं मात्र नाही. बाप गेला तेवढं पुरे.

एके दिवशी दिवेलागणीला स्तेफा आली. पुढच्या दारानं यायची सोय नव्हती, लोक बघायचे, म्हणून गोठ्यातून आली. हाफिया चुलीपाशी मक्याच्या पिठाचा कुलेशा घोटत होती.

"आई, मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं."

"काय, पगार वाढवला?"

"थट्टा नको गं. शनिवारी पक्षाच्या क्लबात सभा आहे. सगळ्यांसमोर उभी राहा आणि आईशी माझा संबंध नाही म्हणून सांग, म्हणाले. नाहीतर शाळा सोड."

हाफियाचा हात थांबला नाही. कुलेशा घोटताना थांबलं तर गुठळ्या होतात.

"मग सांग," ती म्हणाली.

"आई!"

"आई काय आई? शब्दांनी कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत. सांग आणि नोकरी कर. चल, म्हणून दाखव मला."

स्तेफा खाली मान घालून पुटपुटली, "माझी आई... जुन्या विचारांची आहे."

"असं कुजबुजलीस तर मागच्या बाकावरचे झोपी जातील. पोटातून काढ आवाज! हेच शिकवलं का तुला मी?"

"माझी आई जुन्या विचारांची, अडाणी बाई आहे!"

"हां. पुढं?"

"तिचं डोकं फिरलंय."

"हे झकास. हे ठेव," हाफिया म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. हसता हसता स्तेफानं आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि मग ते हसू राहिलं नाही. हाफियानं तिला समोर बसवून कुलेशा खाऊ घातला, वर मेंढीच्या दुधाचं चीज कुस्करून, लहानपणी घालायची तसा. ती गेल्यावर मरियेच्या चित्रासमोर उभी राहून तिनं देवाशी सौदा केला. हाफियाची प्रार्थना अशीच असायची, बाजारात घासाघीस केल्यासारखी. म्हणाली, देवा, आमच्या घरातलं एक तोंड तुला हवंच असेल तर हे माझं घे. तिचं राहू दे.

शनिवारी क्लब भरला होता. हाफिया दाराशी मागं उभी राहिली. स्तेफा बोलली, आणि आवाज थेट मागच्या भिंतीला जाऊन लागला. 'माझी आई अडाणी बाई आहे.' बायका वळून वळून हाफियाकडे बघत होत्या. तिच्या मनात आलं, पोरीनं श्वास मात्र भलत्या जागी तोडला. मग गालावर ओलं लागलं तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. ती कुणाशी न बोलता गाईच्या धारा काढायला निघून गेली.

स्तेफाची नोकरी वाचली, पण फुकट नाही. दर रविवारी चर्चच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं, शाळेतलं एखादं पोर आत शिरलं तर परत हाकलायचं, हे काम तिच्या गळ्यात पडलं. आत पायऱ्यांवर आई, तोंड दाराकडे. बाहेर लेक, तोंड आईच्या पाठीकडे. आई आमेन म्हणायची आणि लेक कुंपणाची फळी धरून उभी असायची. दोघी एकमेकींना ओळख दाखवत नव्हत्या. आम्ही सगळे बघत होतो आणि आम्हीही ओळख दाखवत नव्हतो. गावाला याची सवय होते, ही फार वाईट गोष्ट आहे.

त्या शरदात जिल्ह्याचा संयम संपला. या वेळी पंधरा दिवस नाही, वर्ष ठोकलं. हाफियाला चुन्याच्या भट्टीवर पाठवलं. यारेमानं तिला गाडीत बसवताना तिचं बोचकं स्वतः उचललं, तेवढंच काय ते तो करू शकला. गाडी कुंपणाजवळून गेली तेव्हा स्तेफा तिथंच होती. हाफियानं मान मुद्दाम दुसरीकडे फिरवली.

पुढच्या रविवारी बायका जमल्या. पाद्र्याच्या वाक्याएवढं मौन झालं. मग सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी टेक्लामामीनं आमेन म्हटलं. टेक्लाचा सूर म्हणजे न विचारलेलं बरं, बिनतेलाचं दार परवडलं. पण म्हटलं खरं, आणि पोटच्या पोरानं तिला पंधरा दिवस आत टाकलं. ती परत आली ती खोकत. त्यानंतर कुणी म्हटलं नाही. कुणाला नातवंडं होती, कुणाचा मुलगा कॉलेजात होता, कुणाचा नवरा अंथरुणाला. आणि खरं कारण वेगळंच होतं. आमच्यात एकानं उचलल्याशिवाय बाकीचे गात नाहीत. तशी रीत नाही. शेकडो वर्षं कुणीतरी सूर दिला आणि आम्ही मागून गेलो. आता देणारं कुणी नाही म्हटल्यावर आम्ही उभेच राहिलो.

वर्षभर, दर रविवारी, नुसते उभे. पावसात, बर्फात. पाद्र्याचं पहिलं वाक्य संपतच नव्हतं. पूजा तिथंच अडून बसली होती, दलदलीत रुतलेल्या गाडीसारखी. जिल्ह्याहून आलेल्या साहेबानं यारेमाला विचारलं, "ही माणसं काय करताहेत?"

"उभी आहेत, साहेब."

"कशासाठी?"

"ते काही बोलत नाहीत, साहेब. उभं राहायला बंदी नाही."

साहेबानं वर कळवलं की पोटिकमधली धार्मिक चळवळ मोडून काढली आहे.

हाफिया थंडीच्या तोंडावर सुटून आली. बायका दूध, मध, लोणी घेऊन तिच्या दारात हजर. ती गळ्याला फडकं बांधून बसली होती, मानेनंच हो-नाही करत होती. प्रवासात गारठा लागला असेल, रविवारपर्यंत उघडेल घसा, असं म्हणून बायका परत गेल्या. सगळ्या गावाच्या अंगात उत्साह आला होता. या रविवारी पूजा पुढं सरकणार.

यारेमा ती गावात परत आल्याची सही घ्यायला आला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं.

"मामी, बोला की काहीतरी. रागावलात का?"

हाफियानं तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली, कोरड्या पाल्यावरून कुणी चालावं तशी. "चुना," ती म्हणाली. त्याला ओठांवरून वाचावं लागलं. तिच्या सुटकेच्या कागदावर तिथल्या डॉक्टरनंही तेच लिहिलं होतं. आवाज गेला, परत येणार नाही.

"देवाची कृपा..." यारेमा बोलून गेला आणि चटकन जीभ चावली. "म्हणजे, आता मला तुम्हाला धरावं लागणार नाही, मामी."

त्या संध्याकाळी स्तेफा गोठ्यातून आली. वर्षभरानं दोघी समोरासमोर होत्या. "बोल ना, आई," ती म्हणत राहिली, आणि हाफिया बोलतच होती, फक्त ऐकू येत नव्हतं. कळलं तेव्हा स्तेफा गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली.

"रडतेस कशाला?" हाफिया तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "मीच मागितलं होतं. दिलं त्यानं. व्यवहार झाला."

"काय मागितलं होतंस?"

"ते तुला कशाला हवंय?"

"रविवारी काय करणार आहेस?"

"जाणार. उभी राहणार."

"आणि आमेन?"

"म्हणेल कुणीतरी."

"टेक्लामामीनंतर वर्षात कुणी म्हटलं नाही, आई. मी दर रविवारी बघतेय. नुसत्या उभ्या असतात सगळ्या, आणि मी बाहेर उभी. तुला माहितीय, त्या शांततेत मला तुझंच आमेन ऐकू येत राहतं तिथं?"

"मग नाही म्हणणार! देव काही बहिरा नाही. पण तू तोंड उघडायचं नाहीस. बापाला नेलं, मला नेलं. शपथ घे माझी."

स्तेफा गप्प राहिली. गाय रवंथ करत होती. हाफियानं वाट बघितली, आणि पोर काहीच बोलत नाही म्हटल्यावर तिला वाटलं, ऐकलं हिनं. तिनं लेकीचा गाल थोपटला. आयुष्यभर जिनं मौनानंतर आमेन म्हटलं, तिला त्या एका मौनाचा अर्थ लागला नाही. आईच होती ती, तिला हवा तो अर्थ तिनं लावला.

रविवारी बर्फ पडून गेलं होतं. टेक्लानं बर्चच्या खराट्यानं पायऱ्या झाडून ठेवल्या होत्या. बंद दाराच्या फटीतून खताचा उग्र वास नाकात जात होता. सगळं गाव आलं होतं, वर्षभर न आलेलेसुद्धा. यारेमा फाटकाशी उभा होता आणि त्याच्या मागं जिल्ह्याची गाडी, आत दोघे जण. हाफिया नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. मौन सुरू झालं. प्रत्येक जण मनातल्या मनात पाद्र्याचं वाक्य म्हणत होता. राज्य धन्य असो, आता, सदैव आणि युगानुयुगे.

वाक्य संपलं. सगळ्यांनी श्वास घेतला आणि हाफियाकडे बघितलं.

तिनं तोंड उघडलं. थंडीत वाफेचा एक ढग बाहेर आला, बाकी काही नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला, पुन्हा वाफच. तेव्हा गावाला कळलं. एक बाई हुंदका दाबून खाली बसली.

गाडीतला एक जण उतरला. आवाज चढवायची त्याला गरजही वाटली नाही. "चला, झालं. वर्षभर तुमच्या तोंडून शब्द निघाला नाही, आता कसला निघतोय. घरी जा, स्वयंपाक करा."

आणि 'आमेन' ऐकू आलं.

भरलेलं, पोटातून काढलेलं, ओढ्यापलीकडच्या गिरणीपर्यंत जाणारं. हाफियाला क्षणभर खरंच वाटलं की आपला आवाज परत आला. तिचा हात गळ्याकडे गेला. मग तिनं मागं वळून पाहिलं. स्तेफानं फळी सोडली होती आणि ती फाटकातून आत चालत येत होती.

'हे प्रभू, दया कर,' बायकांनी सुरू केलं. वर्षभर तुंबलेलं एकदम फुटलं. त्या गात होत्या आणि रडत होत्या, आणि त्या गलक्यातच दोघे जण स्तेफापर्यंत पोचले. यारेमानं तिचा दंड धरला. तो दुसऱ्या कुणी धरण्यापेक्षा आपण धरलेला बरा, असं त्याला वाटलं असावं. हाफियानं त्याच्या कोटाला लटकून त्याला ओढलं. 'मी! मी सुरू केलं! मला ने!' ती ओरडत होती. ओठ हलत होते, वाफ निघत होती.

"सोडा, मामी," यारेमा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुमचा आवाज नाही, हे साहेबांच्या कागदावर आहे."

स्तेफा वाकून आईच्या कानाशी आली. "पोटातून काढला ना गं आवाज?" ती म्हणाली. मग तिला गाडीत बसवलं.

तिला तीन वर्षं दिली. शिक्षिका आहे, तिला जास्त कळायला हवं होतं, असं न्यायाधीश म्हणाले. कुठल्याशा जंगलात लाकूड कापायला पाठवलं. देवानं सौद्यातला अर्धाच भाग पाळला, असं हाफियाला वाटलं, आणि बरेच दिवस तिनं मरियेच्या चित्राकडे पाठ फिरवून जेवण केलं. मी म्हणतो, बरोबर केलं.

स्तेफाला नेलं त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. कुंपणाबाहेर शाळेची नवी शिक्षिका उभी होती, फाटकाशी जिल्ह्याची गाडी. हाफिया आपल्या जागी. मौन झालं. वाक्य संपलं. आणि मग, कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला खुणावलं नव्हतं, सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं. एकाचा सूर वर, एकाचा खाली, टेक्लाचा तर कुठेच नाही. इतकं बेसूर आमेन पोटिकनं कधी ऐकलं नव्हतं. जिल्ह्याचा माणूस इकडून तिकडे बघू लागला.

"कुणी सुरू केलं?" त्यानं विचारलं.

"मी," टेक्ला म्हणाली.

"हिचं काय ऐकता? मी," मागून दुसरी म्हणाली. मग तिसरी. मग पार कोपऱ्यातला लंगडा सुतारसुद्धा मी म्हणाला. यारेमा बुटांकडे बघत होता. सगळं गाव काही गाडीत मावत नव्हतं. तो माणूस गाडीत जाऊन बसला. बायकांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी हसू आलं.

हाफिया हसली नाही. तिनं टेक्लाची बाही धरून तिला जवळ ओढलं आणि कानाला तोंड लावून म्हणाली, "एवढं सोपं होतं? मग माझी पोर कशाला गेली?"

टेक्लाचं तोंड उघडं राहिलं. मग त्याच तोंडानं ती पुढची ओळ गायला लागली.